आक्कांच्या खोलीपर्यंतची तार

एकदा एका व्यापारी गावातल्या एका भरल्या घरात गाणं अडखळू लागलं. भरलं घर म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको. ज्यांना ठाऊक नाही त्यांनी संध्याकाळच्या वेळी बसवंतशेटांच्या घरी जाऊन यावं. शेट हळदीचे व्यापारी. त्यांचा मुलगा वरच्या मजल्यावर बसून बंगळूरच्या कंपनीचं काम करी आणि फोनवर परदेशातल्या माणसांशी इंग्रजीत हुज्जत घाली. सून सुवर्णा भाकरी थापता थापता माहेरच्यांशी व्हिडिओवर बोले आणि फुगलेली भाकरी त्यांना दाखवी. दोन्ही नातवंडं एकाच सोफ्यावर बसून मोबाइलवर एकमेकांशी लढाई खेळत, आणि त्यातलं एक हरलं की मग खरी लढाई सुरू होई. आणि स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत, खाटेवर, शेटांच्या थोरल्या भगिनी आक्का पडून असत.

आक्का वयाने थोर होत्या आणि मानाने त्याहून थोर. आई लवकर गेली तेव्हा धाकट्या बसूला त्यांनीच वाढवलं. पुढे स्वतःच्या नशिबी वैधव्य आलं तेव्हा त्या याच घरात परतल्या आणि या घराचा आवाज होऊन राहिल्या. कोण जेवलं नाही, कुणी दार लोटलं नाही, कुणाचा टॉवेल न्हाणीतच राहिला, ही सगळी वार्ता त्यांच्या खणखणीत स्वरात घरभर पोचे. मग एके दिवशी न्हाणीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया चांगली झाली. डॉक्टरांनी बजावलं, रोज पाय उचलायचा, खाली ठेवायचा, पुन्हा उचलायचा. नुसत्या पडून राहिलात तर पडूनच राहाल. आक्का त्यांना तोंडावर 'बरं' म्हणाल्या आणि पाय काही उचलीनात, कारण दुखायचं. पण सुवर्णाने एकदा सहज फोनवर एक जुनं नाट्यपद लावलं, आणि पांघरुणाखाली आक्कांचा पाय तालावर आपसूक हलला. दारात उभ्या असलेल्या शेटांनी ते पाहिलं. हळदीच्या भावावरून बाजार डोक्यावर घेणारा हा गृहस्थ मुकाट्याने मोरीत गेला आणि डोळे धुऊन आला.

दुसऱ्याच दिवशी हेरंबला बोलावणं गेलं. गावात वायफाय म्हटलं की हेरंबच. हा गुरुजींचा शेवटचा शिष्य. गुरुजी म्हणजे ज्यांनी गावातल्या दोन पिढ्यांना रेडिओ दुरुस्त करायला शिकवलं ते. त्यांच्या वर्गाची एक रीत मोठी विचित्र होती. शिष्याने रेडिओ दुरुस्त करून आणला की गुरुजी तो उचलून थेट रस्त्यापलीकडच्या पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर नेऊन ठेवत आणि गिरणी घरघरत असताना लावत. मोटारीची खरखर ओलांडून गाणं स्वच्छ आलं तर 'झाला' म्हणत, नाही तर रेडिओ परत टेबलावर. शिष्य मनातल्या मनात चडफडत. पुढे काळ पालटला, वर्ग बंद पडला, हेरंब इंटरनेटच्या धंद्यात शिरला, आणि ती रीत त्याच्या मनात कुठेतरी माळ्यावर जाऊन पडली.

"आक्काच्या खोलीत गाणं वाजलं पाहिजे, सकाळी आणि संध्याकाळी, न थांबता," शेट म्हणाले. "खर्चाचं मनात आणू नका. फक्त एक करा, भिंतीला हात लावू नका. दिवाळीला रंग दिलाय, खिळासुद्धा नको बघा."

"खिळा कशाला, शेट?" हेरंब हसून म्हणाला. "तारेचे दिवस गेले आता. सगळं हवेतून येतं."

तो कामाला लागला तेव्हा सकाळची वेळ होती. मुलगा बंगळूरला गेलेला, नातवंडं शाळेत, सुवर्णा बाजारात. हेरंबने दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये राउटर बसवला, आक्कांच्या उशाशी एक देखणा स्पीकर ठेवला आणि फोनवरून गाणं लावलं. सूर असा लागला की जणू गवई खोलीतच बसला आहे. आक्कांनी पाय उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. शेटांनी हेरंबला स्वतःच्या हाताने चहा ओतून दिला. हेरंब घरी गेला तो शीळ घालत गेला.

संध्याकाळ झाली, घर भरलं, आणि गाण्याला उचकी लागली. एक ओळ नीट, दुसरी अर्धी, मग शांतता, मग तिसऱ्याच ओळीचा शेवट. आक्कांचा उचललेला पाय अधांतरी राहिला आणि कळ आली.

हेरंब धावत आला. त्याने जिन्यापाशी वायफाय पुढे ढकलणारा एक डबा लावला. उपयोग झाला नाही. मग राउटर बदलून शिंगंच शिंगं असलेला नवा आणला. नातवंडांनी त्याचं नाव खेकडा ठेवलं. खेकड्यानेही हात टेकले. तेव्हा हेरंबने ते केलं, जे स्वतःच्या कामावर प्रेम करणारी हुशार माणसं नेहमी करतात: दोष घरातल्या माणसांना दिला. तसं तो उघड बोलला नाही, तेवढा तो सभ्य होता. त्याने नुसते नियम सांगितले. आक्कांचं गाणं चालू असताना मुलांनी खेळ बंद ठेवायचा. सुवर्णावहिनींनी मायक्रोवेव्ह लावायचा नाही, माहेरी व्हिडिओ नंतर. स्वयंपाकघराचं दार सताड उघडं. मुलाने मीटिंगसाठी गच्चीवर जाऊन स्वतःच्या फोनचं इंटरनेट वापरायचं.

आणि त्या घराने हे सगळं ऐकलं, कारण आक्कांवर जीव होता. मुलगा गच्चीवर शाल पांघरून बसू लागला. सुवर्णाने माहेरचे फोन थांबवले. मुलांच्या हातात मोबाइलऐवजी पुस्तकं आली, आणि ती पुस्तकांकडे न बघता भिंतीकडे बघत बसू लागली. घरात जो तो ओठांवर बोट ठेवी. "श्श, आक्कांचं गाणं चाललंय." गाणं खरंच पुष्कळ सुधारलं. हेरंबने विचारलं तेव्हा सुवर्णा म्हणाली, "आता अगदी क्वचित तुटतं." तो समाधान पावला.

थोड्याच दिवसांत आक्का म्हणाल्या, "मला गाणं नको."

"का गं आक्का?" शेटांनी विचारलं.

"कंटाळा आला."

गाणं थांबलं, तसा पायही थांबला. डॉक्टर येऊन गेले. त्यांनी पाय वाकवून पाहिला आणि बाहेर येऊन शेटांना हळू आवाजात सांगितलं, की सांधा आखडत चाललाय, आता हयगय केलीत तर या पुन्हा उभ्या राहायच्या नाहीत. त्या दुपारी शेट हेरंबच्या दुकानात जाऊन बसले. रागावलेले नव्हते. रागावले असते तर हेरंबला बरं वाटलं असतं. "काय सांगू तुम्हाला," एवढंच ते म्हणाले आणि काउंटरवरच्या वायरीच्या तुकड्याशी चाळा करत राहिले. मग उठून गेले. हेरंबला त्या दिवशी घास गोड लागला नाही. आपलं यंत्र चालतंय आणि तरी म्हातारी उठत नाही, यात आपली चूक नेमकी कुठली, तेच त्याला उमगेना. शेवटी तो गुरुजींच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाच विचारलं, "नियम कुणी सांगितले?"

"मी, गुरुजी."

"बरं," गुरुजी म्हणाले आणि खुंटीवरची पिशवी काढून खांद्याला लावली.

हेरंबला घेऊन शेटांच्या घरी गेल्यावर त्यांनी ना राउटर पाहिला, ना डबा. आक्कांच्या खोलीत जाऊन नमस्कार केला, दोघांची गावातल्या जुन्या माणसांची चौकशी करून झाली, कोण आहे आणि कोण गेलं. मग बाहेर येऊन त्यांनी चहा घेतला आणि शेटांना म्हणाले, "रविवारी जेवण करा."

"तुम्हाला? करतो की, गुरुजी. हे काय बोलणं झालं?"

"मला एकट्याला नको. गल्ली बोलवा. सूनबाईंच्या माहेरची माणसं बोलवा. तुमच्या पेठेतले व्यापारी, त्यांच्या बायका, पोरंबाळं. सगळ्यांना सांगा, येताना आपापले फोन घेऊन या. आणि दारातच प्रत्येकाला वायफायचा पासवर्ड द्या."

हेरंबच्या हातातली बशी कलंडली. "गुरुजी! एवढ्या फोनांनी मिनिटभरसुद्धा गाणं—"

"आणि मुलांना खेळ लावू द्या," गुरुजी शांतपणे पुढे म्हणाले. "मायक्रोवेव्ह, मिक्सर, काय असेल ते चालू. स्वयंपाकघराचं दार लावून घ्या, फोडणीचा धूर आक्कांकडे जाईल."

"निमित्त काय सांगू?" शेटांनी विचारलं.

"आक्कांचं गाणं, असं सांगा."

शेट हेरंबकडे बघू लागले आणि हेरंब जमिनीकडे. म्हाताऱ्याचं वय झालं, असं दोघांच्याही मनात आलं असावं. पण गुरुजींचा शब्द मोडायची त्या गावात कुणाची छाती नव्हती.

रविवार उजाडला. गव्हाची हुग्गी म्हणजे खीर रटरटत होती, भरल्या वांग्यांचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत गेला होता, आणि माणसं येतच होती. पुरुष दिवाणखान्यात, बायका स्वयंपाकघरात आणि जिन्यावर, मुलं सर्वत्र. जो तो दारात पासवर्ड घेई आणि आत येऊन फोनमध्ये डोकं घाली. हेरंबने खेकड्याकडे एकदा पाहिलं. त्याचे सगळे दिवे भांबावल्यासारखे लुकलुकत होते.

गुरुजींनी त्याला खुणेने मागे बोलावलं. आक्कांच्या खाटेशेजारी ते स्टुलावर बसले आणि हेरंबला खाली सतरंजीवर बसवलं. "लाव गाणं. आणि आता मी सांगेपर्यंत इथून उठायचं नाही."

हेरंबने गाणं लावलं. पहिली ओळ आली. दुसरीचा अर्धा भाग आला. मग उचकी, मग शांतता. आक्कांनी सवयीने डोळे मिटून घेतले. "बंद कर रं बाळा," त्या मायेने म्हणाल्या. "त्यालाबी दम लागतोय."

हेरंबला हे सोसवेना. तो अर्धा उठला. बाहेर जाऊन सगळ्यांना फक्त थोडा वेळ फोन बंद करायला सांगावं, एवढंच त्याच्या मनात होतं. गुरुजींनी त्याची बाही धरली. "बस."

तेवढ्यात लावलेल्या दाराच्या पलीकडून सुवर्णाचा दबका आवाज आला. "ए, बंद करा तो खेळ! आक्काआत्यांचं गाणं तुटतंय, कळत नाही का?" पाठोपाठ कुणीतरी मिक्सर बंद केला. कुणीतरी "श्श" केलं. ते "श्श" स्वयंपाकघरातून जिन्यावर गेलं, जिन्यावरून दिवाणखान्यात, आणि बघता बघता ते सगळं गजबजलेलं घर गप्प झालं. गाणं पुन्हा सुरू झालं, स्वच्छ, एकही अक्षर न गाळता.

आक्कांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

हेरंब सतरंजीवर भिंतीच्या बाजूला बसला होता, म्हणून त्याला त्यांचा चेहरा दिसला. आजवर तो नेहमी राउटरपाशी उभा राहून गाणं ऐकत आला होता, या खाटेपाशी बसून कधी नाही. गाणं चालू होतं आणि म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी उशीवर उतरत होतं, ते गाण्यातल्या सुरांमुळे नव्हतं. जिने जन्मभर या घराला बोलतं ठेवलं, तिच्याचसाठी रोज सकाळ-संध्याकाळ हे घर मुकं केलं जात होतं, आणि ते करणारा आपण. त्याने गाणं बंद केलं. त्याला आक्कांची क्षमा मागायची होती. त्याने नुसता त्यांच्या पावलांवर हात ठेवला.

"हेरंबा," गुरुजी म्हणाले, "तू गाणं केव्हा तपासलंस?"

"सकाळी, गुरुजी. घरात कुणी नसताना."

"आपल्या वर्गासमोरची गिरणी आठवते?"

हेरंबने मान हलवली. त्याला सगळंच एकदम आठवलं, पिठाने पांढरा झालेला ओटा आणि त्यावर ठेवलेला रेडिओसुद्धा.

"गिरणी बंद असताना कुठलाही रेडिओ गातो. पण गावात राहायचं तर गिरणी चालणारच, लोकांना पीठ लागतं. गिरणी बंद करा असं आपण कधी कुणाला सांगितलं नाही, रेडिओ दुरुस्त केला. तू इथे उलट केलंस. यंत्र तसंच ठेवलंस आणि घर दुरुस्त करायला निघालास." गुरुजींचा आवाज कडक नव्हता, ते दुखऱ्या जागी हळू हात फिरवावा तसं बोलत होते. "आता नीट विचार कर. वर तो मुलगा हिंडतो, मुलं हिंडतात, सूनबाई एका हाताने फोन धरून सगळीकडे हिंडते. चालत्याफिरत्या माणसाला हवेतून आलेलं पुरतं. एका ठिकाणी नाही मिळालं तर तो दोन पावलं सरकतो. पण जिला जागचं हलता येत नाही, तिने कुठे सरकायचं? तिच्यापर्यंत आपणच तार घेऊन जायची असते. गाण्याला असं कितीसं लागतं? करंगळीएवढी धार. फक्त ती तिची स्वतःची असली पाहिजे. मग तिच्यासाठी कुणाला थांबावं लागत नाही, आणि तिला कुणाचं ओझं वाटत नाही."

हेरंबने उशाशी असलेला स्पीकर उचलून पालथा केला. तारेसाठीची खाच मागच्या बाजूला होतीच. तिच्यावरची कारखान्यातली चिकटपट्टी त्याने काढलीदेखील नव्हती.

गुरुजींनी पिशवीतून केबलचं भेंडोळं काढून त्याच्या मांडीवर ठेवलं.

प्रश्न उरला भिंतीचा. हेरंब बाहेर गेला आणि चाचरत शेटांना म्हणाला, की स्वयंपाकघराच्या भिंतीला भोक पाडावं लागेल. दिवाणखान्यात पेठेतले चार मानकरी बसले होते, नव्या रंगाची तारीफ नुकतीच करून झाली होती. शेटांनी त्याच्याकडे पाहिलं, मग मागच्या बंद दाराकडे पाहिलं, आणि जागेवरून उठले.

"आक्कासाठी?" ते म्हणाले. "भिंतच पाडतो की."

"भिंत राहू द्या," मागून गुरुजी म्हणाले. "बोटाएवढं भोक पुरे."

शेटांनी शेजारच्यांकडून ड्रिल मागवलं आणि हट्टाने स्वतःच्या हाताने चालवलं. भोक बोटापेक्षा बरंच मोठं झालं, थोडं वाकडंही, आणि हुग्गीच्या पातेल्यावर वेळीच ताट झाकलं म्हणून बरं. पाहुण्यांनी ताटं हातात घेऊन सगळा सोहळा पाहिला आणि जो तो आपापली अक्कल शिकवून गेला. हेरंबने गुडघ्यांवर बसून भिंतीच्या कडेकडेने तार नेली, दिवाणखान्यापासून जिन्याखालून, स्वयंपाकघरातल्या बायकांच्या पायांमधून, आक्कांच्या उशापर्यंत. एक टोक खेकड्यात, दुसरं स्पीकरमध्ये. मग त्याने फोनवरून राउटरला आणखी एक गोष्ट बजावून ठेवली: कितीही पंगत बसो, आक्कांचं पान आधी वाढायचं.

"आता?" त्याने विचारलं.

"आता घराला सांग, नेहमीसारखं वागा," गुरुजी म्हणाले.

सांगायची फारशी गरज पडली नाही. कोंडून ठेवलेलं घर ते, त्याला वाटच हवी होती. मिक्सर फिरला. मुलं खेळावर तुटून पडली. सुवर्णाची धाकटी बहीण न आलेल्या मावशीला व्हिडिओवर वांग्यांची भाजी दाखवू लागली. वरून मुलाचं इंग्रजी ऐकू येऊ लागलं. परदेशात रविवार पाळत नसावेत. आणि या सगळ्या कल्लोळात आक्कांच्या उशाशी गाणं लागलं. पहिली ओळ आली. दुसरी आली. अंतरा आला. हेरंब श्वास रोखून सतरंजीवर बसला होता. गाणं संपलं आणि दुसरं सुरू झालं, तेव्हाच त्याने श्वास सोडला.

आक्कांनी भिंतीकडचं तोंड वळवलं. त्या स्पीकरकडे पाहत राहिल्या, मग दाराकडे. बाहेर नातवंडांची जुंपली होती आणि कुणीतरी कुणाचा तरी केस ओढल्याचा आक्रोश चालला होता.

"हेरंबा," त्या म्हणाल्या, "गाणं राहू दे चालू. पण जरा बारीक कर बाळा. आणि ते दार उघड. पोरं कशावरून भांडत्यात ते ऐकू येईना झालंय मला."

हेरंबने आवाज कमी केला आणि दार उघडलं. घर आत आलं, वासासकट.

"ए!" आक्कांचा खणखणीत आवाज स्वयंपाकघर ओलांडून गेला. "कोण रडतंय ते? सोड तिचे केस आधी! बसू, त्यास्नी जेवायला बसीव!"

दिवाणखान्यात बसवंतशेट उठून उभे राहिले. इतक्या दिवसांनी तो आवाज ऐकून त्यांना काय करावं ते सुचेना, म्हणून ते सांगितल्याप्रमाणे पोरांना जेवायला बसवायला गेले. आणि मागच्या खोलीत, सतरंजीवर बसलेल्या हेरंबला दिसलं, की पांघरुणाखाली आक्कांचा पाय तालावर वर उचलला जातोय आणि खाली येतोय. आपण पाय उचलतोय हे त्यांच्या गावीही नव्हतं. गाणं त्यांच्यापाशी होतं आणि लक्ष सगळं घराकडे होतं.

गुरुजींनी पिशवी खांद्याला लावली. हेरंबने वाकून नमस्कार केला तेव्हा ते फक्त "झाला," एवढंच म्हणाले. पूर्वी गिरणीच्या ओट्यावर रेडिओला म्हणायचे, अगदी तसंच.

ज्याच्यावर आपली माया आहे, त्याच्यासाठी घर गप्प करण्याआधी आपली तार त्याच्या खाटेपर्यंत पोचली आहे का, एवढं एकदा बघावं.